तेविसावं हाड

१

कवटी सुटी करायची असेल तर हातोडी लागत नाही, वाटाणे लागतात. चांगले सुके, कडक वाटाणे. हे मी दरवर्षी नवीन मुलांना सांगतो आणि दरवर्षी ती हसतात. मी हसू देतो. पुढे परीक्षेपर्यंत त्यांना हसायला फारसा वेळ मिळत नाही.

माणसाच्या डोक्यात बावीस हाडं असतात. खालचा जबडा तेवढा मोकळा, बाकीची सगळी एकमेकांत दाते रुतवून बसलेली. त्या दातेरी सांध्यांना आम्ही शिवणी म्हणतो. बाहेरून ठोकलंत तर हाड फुटेल, पण शिवण काही उसवणार नाही. म्हणून आतून जायचं. कवटीच्या तळाला एक मोठं भोक असतं, तिथून वाटाणे ठासून भरायचे, बूच मारायचं आणि कवटी बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायची. वाटाणे फुगतात. त्यांना जायला जागा नसते, मग ते चहूकडून सारखे रेटतात, आणि एकेक शिवण आपणहून उसवते. त्याचा आवाज येतो. लाकडी कपाट रात्री उगाच कुरकुरतं ना, तेवढाच.

हे काम मी आयुष्यभर करत आलो आहे. आमच्या शरीररचना विभागात हाडांची एक वेगळी खोली आहे. लोखंडी कपाटं, मधोमध जस्ताचा पत्रा मारलेलं टेबल, कोपऱ्यात मोरी आणि कधीच पूर्ण बंद न होणारा नळ. उन्हाळ्यातही तिथे गार वाटतं. मला ती खोली आवडते. तिथे कुणी शहाणपण शिकवायला येत नाही.

त्या वर्षी कपाटं हलवताना कामगारांनी आमची तारांवर बसवलेली कवटी पाडली. सगळी हाडं सुटी करून, मधे बोट जाईल एवढं अंतर ठेवून बसवलेली, मुलांना आतलं सगळं दिसावं म्हणून. तिचा चुरा झाला. विभागप्रमुख बाई माझ्याच विद्यार्थिनी, त्यामुळे त्या मला हुकूम सोडत नाहीत, नुसत्या दारात उभ्या राहतात.

"सर, नवीन बॅच यायच्या आत दुसरी तयार होईल ना?"

"होईल. पण शिवणी शाबूत असलेली कवटी कुठून आणायची? उरलेल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या. वयाने सांधे मिटून गेलेत."

"आत्याबाई आहेत की," बाई म्हणाल्या.

आत्याबाई ही आमच्या विभागातली सर्वांत जुनी कवटी. हे नाव कुठल्यातरी जुन्या बॅचने ठेवलं, कारण ती प्रत्येक वर्गाला हजर असते आणि कुणाचंच उत्तर तिला पटलेलं नाही असा तिचा चेहरा आहे. तिच्या डाव्या गालाच्या हाडाचा टवका उडालाय. पण शिवणी म्हणाल तर बघत राहाव्यात. विशेषतः डोक्याच्या मधोमध, पुढून मागे जाणारी शिवण. खोलीत अंधार करून तळाच्या भोकातून बॅटरी आत धरली की त्या शिवणीची लाल रेघ उजळून निघायची. ती बघायला दुसऱ्या विभागातली मुलंसुद्धा यायची.

मला ते जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. पण काम ते काम. वाटाणे घेताना किराणावाल्याने विचारलं, "घरी पाहुणे का हो?" मी म्हटलं, "पाहुणे नाहीत, आत्याबाई." सकाळीच मी वाटाणे भरले, बूच मारलं, आत्याबाईंना बादलीत ठेवलं आणि वर ट्रे झाकला.

२

त्याच संध्याकाळी मी माझ्या नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं.

पहिल्यांदा, कारण ती जन्मली तेव्हापासून मला खोकला होता आणि बायकोने मला दारापलीकडे जाऊ दिलं नव्हतं. लेक दोन रस्ते सोडून राहते. मी रोज जायचो, उंबऱ्यातून बघायचो आणि परत यायचो. एवढीशी ती, म्हणून तिचं नाव बारकी पडलं होतं.

"अहो, हात धुतले का?" बायकोने विचारलं.

"धुतले."

"साबणाने?"

संसार झाला इतक्या वर्षांचा, पण माझ्या हातांवर हिचा अजून विश्वास नाही. मी पुन्हा धुतले. मग लेकीने बारकीला माझ्या हातांत दिलं. डोकं माझ्या तळव्यात मावलं. कोमट, आणि मला वाटलं होतं त्याहून जड.

आता जे झालं ते माझ्या धंद्याच्या माणसाकडूनच होऊ शकतं. दुसऱ्या कुठल्या आजोबाने नातीचं नाक बघितलं असतं, ते कुणावर गेलंय ते ठरवलं असतं. माझी बोटं आपोआप डोक्यावर फिरली. कपाळाचं हाड. दोन्ही बाजूंची हाडं. आणि मधे टाळू, म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची ती मऊ जागा, जिथे हाडं अजून भेटलेली नसतात आणि खाली ठोका लागतो.

ती तिथे नव्हती. बोटाखाली सलग हाड होतं, आणि पुढून मागे जाणारा एक कठीण उंचवटा.

"हिची टाळू कुठे आहे?" मी म्हणालो. मोठ्याने. वर्गात विचारावं तसं.

लेकीचा चेहरा उतरला. तिने बारकीला माझ्याकडून ओढूनच घेतलं. "बाबा, ती तुमच्या कपाटातली नाहीये!"

"अगं, तसं नाही..."

"मग कसं?"

जावई फोनवर काहीतरी शोधायला लागला. सांगायलाच लागलं मला. बाळाचा मेंदू पहिल्या वर्षात भराभर वाढतो. त्याला जागा हवी असते, म्हणून हाडं उघडी ठेवलेली असतात. ती आधीच जुळली तर मेंदूला जागा उरत नाही. मग हाड कापून जागा करावी लागते. शेवटचं वाक्य बोलताना मी लेकीकडे बघू शकलो नाही.

बायको म्हणाली, "अहो, पण आज सकाळी अंघोळ घालताना मऊ होती. मी स्वतः टिपलीये टॉवेलने. धडधड दिसत होती."

हाड एका दिवसात वाढत नाही. हिला काहीतरी भास झाला असणार, असं मी मनाशी म्हणालो. पण बायकोला भास होत नाहीत. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळांच्या डॉक्टरांनी डोक्याचा घेर मोजला, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. माझी चूक निघावी म्हणून मी देवाची नावं घेत बसलो होतो, मी, जो एरवी कुठलंच घेत नाही.

"बंद वाटतेय," डॉक्टर म्हणाले. "स्कॅन करून खात्री करू. पण त्यासाठी तिला झोपेचं औषध द्यावं लागेल, आणि आत्ता सर्दी आहे. छाती साफ होऊ दे. तोवर शस्त्रक्रियेबद्दल वाचून ठेवा."

लेकीने बारकीचं टोपडं नीट केलं, मग काढलं, मग पुन्हा घातलं. जावई गाडी आणायला गेला तो चुकीच्या दाराने बाहेर पडला आणि सगळ्या इमारतीला वळसा घालून आला.

मी विभागात गेलो. दुसरीकडे जायला मला जागाच नाही. बादलीवरचा ट्रे काढला. एव्हाना आत्याबाईंच्या शिवणी फाकायला हव्या होत्या, मधून हिरवं दिसायला हवं होतं. काहीच झालं नव्हतं. कवटी जशीच्या तशी, पाणी गढूळ, बूच जागेवर.

मी तिला बाहेर काढलं आणि पुसून उजेडात धरलं. मधली शिवण दिसेना.

म्हणजे रेघ होती, पण पुसट. ओल्या पाटीवरचं अक्षर दिसावं तशी. मागच्या बाजूची शिवण स्पष्ट, कानशिलांच्या स्पष्ट, फक्त ही तेवढी नाही. बोट फिरवलं तर पुढून मागे एक उंचवटा लागला.

आधी मला वाटलं, मी चुकीची कवटी उचलली. मी डावा गाल बघितला. टवका होता. दात बघितले. तेच. मग मला वाटलं, पाण्याने हाड फुगलं असेल, माझे डोळे थकले असतील, रात्रभर झोप नाही. बुद्धी असली की माणूस स्वतःला किती कारणं देऊ शकतो! मी सगळी देऊन पाहिली.

मग मला राग आला. कोणाचा ते माहीत नाही. मी फुगलेले वाटाणे उकरून काढले, नवीन सुके भरले, आधीपेक्षा जास्त ठासून, आणि बूच तळव्याने दाबून बसवलं. "बघू कशी उघडत नाही," असं मी चक्क बोललो. नळ टपटपत होता. मी कवटी बादलीत सोडली आणि वर्गावर निघून गेलो.

४

दुपारी परत आलो तेव्हा खोलीत आवाज येत होता.

बादलीतूनच. तो यायलाच हवा होता, शिवणी उसवताना येतो. पण तो असा सारखा येत नाही. मधेच एखादा, मग बराच वेळ काही नाही, मग दोन लागोपाठ. हा ठेक्यात होता. बारीक, घाईघाईचा. मी नळाखाली फडकं ठेवलं, थेंबांचा आवाज थांबला. बादलीतला थांबला नाही.

मी आत्याबाईंना वर काढून ट्रेमध्ये ठेवलं आणि टॉवेलने पुसायला घेतलं. कपाळ पुसलं. मग टॉवेल वर गेला आणि माझा अंगठा आत दबला.

मोडलं असं मला वाटलं. पण मोडलेलं हाड टोचतं, असं दबत नाही. कपाळाचं हाड आणि बाजूची दोन हाडं जिथे भेटतात, नेमक्या त्या जागी, अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी मऊ होतं. आणि ते वर येत होतं. आणि खाली जात होतं.

मुलांना मी सांगतो, अंगठ्याने नाडी बघू नका, तुमच्या अंगठ्याचीच नाडी तुम्हाला लागते. मी अंगठा काढला. आपलीच नाडी, दुसरं काय! घाबरलेल्या माणसाची नाडी तशीच पळते. मी हसलोसुद्धा. मग पंखा बंद केला, खिडकी लावली आणि कापसाचा एक पुंजका घेऊन, अगदी अलगद, त्या जागेवर ठेवून हात मागे घेतले.

कापूस हलला. वर, खाली. वर, खाली. घाबरलेल्या मोठ्या माणसाचाही तो वेग नव्हता. तान्ह्या बाळाचा होता.

किती वेळ मी बघत उभा होतो, सांगता येणार नाही. आत्याबाई ट्रेमध्ये त्यांच्या नेहमीच्या न पटलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर माझ्या नातीची टाळू उडत होती. तो विचार मी केला नाही. तो आला.

मी टॉवेल कवटीवर टाकला आणि खोलीला कुलूप लावून बाहेर पडलो.

५

लेकीच्या घरी जिन्यातच रडणं ऐकू आलं.

"सकाळपासून असंच चाललंय," बायको म्हणाली. तिचे केस सुटले होते, एरवी ती असं कधी होऊ देत नाही. "पोट दुखत नाही, दूध घेत नाही. डोक्याला हात लावला की किंचाळते. आतून कुणी रेटतंय असं रडते हो ती."

"सकाळी कधीपासून?"

"डॉक्टरांकडून आलो तेव्हा झोपली होती. तुम्ही विभागात गेलात, त्यानंतर थोड्या वेळाने."

लेक खाली बसली होती, बारकीला छातीशी धरून. तिने माझ्याकडे बघितलं. लहान असताना तिचं खेळणं मोडलं की ती अशीच बघायची, बाबांना येतं सगळं दुरुस्त करता.

"बाबा, काहीतरी करा ना."

तुम्ही फुगलेले वाटाणे हातात घेऊन बघितलेत कधी? एकटा वाटाणा काहीच नाही, बोटाने चिरडतो. पण बंद जागेत भरले तर ते हाड उघडतात. मी ते स्वतःच्या तळव्याने दाबून भरले होते. बघू कशी उघडत नाही, असं म्हणून.

आत्याबाईंनी काही घेतलं असेल-नसेल. रेटत मी होतो.

"आलोच," मी म्हणालो.

"अहो, आत्ता कुठे निघालात?" बायको ओरडली. मी चपलासुद्धा उलट्या घातल्या होत्या, ते रस्त्यावर कळलं.

६

खोलीत आता ठेका नव्हता. सलग करकर चालू होती.

मी बूच उपटलं. फुगलेले वाटाणे भोकाशी दाटून बसले होते, एकही खाली पडेना. चिमटा घेतला. एकेक काढायचा. घाई केली तर वाटाणा फुटतो आणि अर्धा आत राहतो, चिमटा जास्त आत गेला तर तळाचं हाड मोडतं. ते हाड कागदासारखं पातळ असतं, हे मीच शिकवतो. मी कवटी उलटी मांडीवर घेतली, डावा तळवा खाली टाळूशी धरला, आणि काढायला लागलो. तळव्यावर ती जागा ताणून वर आली होती. दुखऱ्या गळवासारखी, टणक आणि गरम. ओल्या कवटीत गरम.

"सर?"

विभागप्रमुख बाई दारात होत्या. माझी अवस्था त्यांनी बघितली. शर्ट भिजलेला, आजूबाजूला वाटाणे.

"सर, अहो, काय झालं? काढताय कशाला? उघडल्या नाहीत का शिवणी?"

"नाही उघडायच्या."

"पण आत्याबाईंच्या तर..." त्या जवळ आल्या, वाकल्या. "मधली शिवण कुठे गेली? मी हिच्यावरच शिकलेय, सर. याच रेघेवर मला तोंडी परीक्षेत..." त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका!"

मी त्यांच्यावर कधीच ओरडलो नव्हतो. त्या दोन पावलं मागे सरल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी टेबलावरचा दुसरा ट्रे उचलला आणि वाटाणे टाकायला माझ्या हाताशी धरला. त्या तो तसाच धरून उभ्या राहिल्या. त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे, हे मी त्यांना अजून बोललेलो नाही.

जसजसे वाटाणे कमी झाले तसतशी तळव्याखालची जागा सैल पडत गेली. करकर विरळ झाली. शेवटचे दाणे मी कवटी हलवून पाडले. मग ती सरळ केली, डोकं तळव्यात, जसं बाळाचं धरतात तसं, आणि तशीच धरून बसलो. मी पुटपुटलो. काय ते बाईंनी ऐकलं असेल तर ऐकलं असेल. "आत्याबाई, चुकलं माझं. पण तिचं तिला द्या. ती एवढीशी आहे हो."

फोन वाजला. बायकोचा.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली. "झोपली. एकदम शांत झाली आणि झोपली."

माझा जीव भांड्यात पडला. मी टाळूच्या जागेवर हात ठेवला, ठोका होता. हळूहळू तो सावकाश होत गेला, आणि मग लागेनासा झाला.

७

बारकीची सर्दी गेल्यावर स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मधली शिवण उघडी. टाळू उघडी. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, भुवया वर केल्या.

"होतं असं. सुरुवातीच्या दिवसांत हाडं एकमेकांवर चढलेली असतात, उंचवटा लागतो. बंद आहे असं वाटतं. आपोआप उतरतात. कापाकापी नको, काही नको. घरी न्या."

मला ते स्पष्टीकरण मनापासून आवडलं. आजही आवडतं. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून रडलो. जावई पाण्याची बाटली घेऊन आला तर त्याला म्हणालो, "एवढं गार कशाला आणलंस?" तो हसला आणि मला मिठी मारली. लेकीने बारकीला माझ्या हातांत दिलं, आपणहून. "बघा, बाबा. सापडली का?" सापडली. माझ्या बोटाखाली धडधडत होती.

विभागात जाऊन मी खोलीत अंधार केला आणि आत्याबाईंच्या तळाच्या भोकातून बॅटरी धरली. मधली लाल रेघ उजळली नाही. सगळं डोकं काळं. फक्त वर, त्या एका जागी, पेराएवढा चौकोन उजेडला होता. मी बोट लावलं. टणक होतं, पण पातळ, नखासारखं. ठोका नव्हता.

बाईंना मी सांगितलं की शिवणी वयाने मिटल्यात, ही कवटी चालणार नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "बरं, सर," म्हणाल्या. त्या वर्षी मुलं चित्रांवर शिकली. आत्याबाईंना मी वरच्या कप्प्यात उशीवर ठेवलं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे घेतली. मधूनमधून बॅटरी लावायचो. चौकोन असायचाच. हळूहळू लहान होत होता, असं मला वाटायचं. मग मी लेकीकडे जायचो आणि गप्पा मारता मारता बारकीच्या डोक्यावर हात ठेवायचो. तिथलीही लहान होत होती, व्हायला हवी तशी.

८

बारकी पळायला लागली तेव्हा पहिलं काम तिने काय केलं, तर टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं. ठण्ण आवाज आला. सगळे धावले. मी सगळ्यांच्या आधी पोचलो, या वयात. ती रडत होती, पण ते साधं, रागाचं रडणं होतं. मी केसांत बोट घातलं. टेंगूळ होतं. आणि त्याच्या मागे, जिथे इतके दिवस मऊ लागायचं, तिथे हाड होतं. सलग, घट्ट, वेळेवर भरलेलं.

"भरली," मी म्हणालो. "टाळू भरली हिची."

"तिला लागलंय आणि तुम्हाला हाडांचं पडलंय!" बायको म्हणाली, पण ती हसत होती. लेकसुद्धा. बारकी आळीपाळीने आमच्याकडे बघत रडायची थांबली.

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. आत्याबाई उशीवर सुट्या होऊन पडल्या होत्या.

फुटल्या नव्हत्या, आदळल्या नव्हत्या. प्रत्येक शिवण आपापल्या दात्यांवर स्वच्छ सुटलेली, मधलीसुद्धा. मधली तर पूर्वीपेक्षा सुंदर. वाटाणे नाहीत, पाणी नाही. इतके दिवस कुणीतरी अंग आवळून बसावं आणि मग एकदा हातपाय सैल सोडावेत, तशा. मी हाडं एकेक करून पत्र्याच्या टेबलावर मांडली. कपाळाचं, बाजूची, मागचं, कानशिलांची, डोळ्याच्या कोपऱ्यातली नखाएवढी अश्रूंची. टवका असलेलं गालाचं. खालचा जबडा. बावीस.

उशीवर आणखी एक होतं.

लहान, पातळ, चौकोनी, पतंगासारखं. टाळूच्या जागी असं जास्तीचं हाड एखाद्या डोक्यात सापडतं. पुस्तकात आहे ते, मी फक्त कधी बघितलं नव्हतं. आणि आत्याबाईंच्या डोक्यात ते नव्हतं. इतकी वर्षं मी ती जागा मुलांना दाखवतोय. त्याचा एक कोपरा बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांपेक्षा जरा तिरका होता. ते बोटावर घेतल्यावर मला काहीतरी ओळखीचं वाटलं, पण मी तो विचार तिथेच सोडला.

बाई आल्या. सुटी हाडं बघून तोंडावर हात ठेवला. "सर! कसं केलंत?"

"मी नाही केलं."

त्यांनी मोजली, सवयीने. माझ्या हाताकडे बघितलं. "आणि ते तेविसावं?"

"ते तारांवर लावायचं नाही," मी म्हणालो. त्यांनी पुढे विचारलं नाही.

त्या दुपारी बारकी माझ्या मांडीवर झोपली. मी तिच्या केसांत बोट फिरवलं. हाडं नुकतीच भरली की कडा पुसट लागतात, माहीत असेल त्यालाच. पुढचा कोपरा. डावा. मागचा. उजवा कोपरा जरा तिरका होता.

मी हात काढून घेतला. मग पुन्हा ठेवला. तिचं डोकं कोमट होतं, घट्ट होतं, आणि आत मेंदूला हवी तेवढी जागा होती. ती झोपेत ओठ हलवत होती. इतकं शांत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"खिशात काय आहे हो, सारखा हात जातोय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. हाड आहे एक."

"कुणाचं?"

मी बारकीकडे बघितलं. "आत्याबाईंकडे राहिलं होतं," मी म्हणालो.

बायकोने कपाळाला हात लावला. "मग आधी हात धुवा," ती म्हणाली. "साबणाने."